लेयर १२ कॉपी ४

फोटोशॉपमध्ये क्रॉपच्या हत्याराखाली एक सुरी दडवून ठेवलेली आहे. तिला स्लाइस टूल म्हणतात. तयार डिझाइनवर ती फिरवली की निळ्या रेघा उमटतात, प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात एक आकडा बसतो आणि फिरवणाऱ्याला आपण काहीतरी फार नेमकं काम करतो आहोत असं वाटू लागतं. हा भास एक्स्पोर्टचं बटण दाबेपर्यंत टिकतो. मग फोल्डर उघडावं तर आत तीसपस्तीस चित्रं निघतात. त्यांतली बरीचशी नुसतीच पांढरी असतात, एकात अर्धं बटण असतं, दुसऱ्यात त्याच बटणाची सावली असते आणि सगळ्यांना ओळीने आकडे दिलेले असतात. ते फोल्डर झिप होऊन डेव्हलपरकडे जातं. थोड्याच वेळात फोन येतो, "अहो, यातला कार्टचा आयकॉन कुठला?" इकडून उत्तर जातं, "बघा ना, सतरा असेल. नाहीतर एकवीस."

या धंद्यातली सर्वमान्य समजूत अशी, की एक्स्पोर्ट म्हणजे कारकुनी. डोकं लागतं ते डिझाइनला. ते झालं की उरते ती हमाली, आणि हमालीला चांगलं हत्यार मिळालं की प्रश्न मिटला. सॉफ्टवेअर कंपन्यांचाही यावर गाढ विश्वास दिसतो, कारण मेनूत एक्स्पोर्टच्या आज्ञांची भरती थांबतच नाही. एक्स्पोर्ट अ‍ॅज, क्विक एक्स्पोर्ट, सेव्ह फॉर वेब, लेयर्स टू फाइल्स, जनरेट इमेज अ‍ॅसेट्स. एकाच कामासाठी पाच आज्ञा असतील, तर निदान पहिल्या चारांनी काम भागलेलं नाही एवढं उघड आहे. त्यातल्या सेव्ह फॉर वेबपुढे तर २०१५ पासून कंसात ‘लेगसी’ असा शब्द लावलेला आहे. म्हणजे साहेब निवृत्त झाले, पण खुर्ची सोडलेली नाही. आणि त्यांना हाक मारायला अजूनही कंट्रोल, शिफ्ट, आल्ट आणि एस अशा चार कळा एकदम दाबाव्या लागतात. माझं म्हणणं असं, की अडचण सुरीत कधीच नव्हती. चित्राचा तुकडा पाडणं यंत्राला केव्हाच जमलं. तो तुकडा म्हणजे नेमकं काय, हे सांगायला मात्र कुणीच तयार नसतं. नवी आज्ञा आली की तोच प्रश्न नव्या चौकटीत विचारला जातो, आणि नव्या उत्साहाने टाळला जातो.

हा प्रश्न जन्माला कधी आला, तेही पाहण्यासारखं आहे. फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० ची. तीत लेयर नव्हते. चित्रावर अक्षर एकदा बसलं की बसलं, खालचं चित्र गेलं ते गेलं. त्यामुळे ‘तेवढं बटण वेगळं काढून द्या’ ही मागणी करायचीच सोय नव्हती. १९९४ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत लेयर आले, एकावर एक पारदर्शक थर रचता येऊ लागले, आणि डिझायनरला जन्मात प्रथमच मत बदलण्याचा हक्क मिळाला. क्लायंटलाही तो त्याच दिवशी मिळाला हे ओघानेच आलं. पाठोपाठ वेब आलं. त्या काळच्या ब्राउझरला गोल कोपरा काढता येत नव्हता, सावली पाडता येत नव्हती, मनासारखा फॉन्ट दाखवता येत नव्हता. मग उपाय निघाला, की अख्खं पान फोटोशॉपमध्ये रंगवायचं, त्याचे चौकोनी तुकडे करायचे आणि ते एचटीएमएलच्या टेबलाच्या खणांत जसेच्या तसे जोडून बसवायचे. १९९६ साली डेव्हिड सीगल या अमेरिकन डिझायनरच्या पुस्तकाने ही टेबलांची पद्धत आणि एका पिक्सेलच्या अदृश्य जिफचा तोडगा घरोघरी पोहोचवला. हे जिफ जेमतेम ४३ बाइटचं. काहीही दाखवायचं नाही आणि जागा मात्र अडवायची, एवढंच त्याचं काम. पुढच्याच वर्षी याच सीगलने एका लेखात वेबचं वाटोळं झालं आणि ते आपणच केलं असं जाहीर करून टाकलं. तोवर उशीर झाला होता. १९९८ मध्ये मॅक्रोमीडियाने फायरवर्क्स आणि अ‍ॅडोबीने इमेजरेडी बाजारात आणलं होतं. दोघांच्याही पोतडीत कापायची सोय होती, आणि कापल्यावर टेबलाचं एचटीएमएल आपोआप लिहून मिळत होतं.

या आपोआपपणातच मेख आहे. समजा पानाच्या मधोमध एक बटण आहे आणि तुम्हाला फक्त तेच हवं आहे. तुम्ही त्याच्याभोवती एक चौकोन ओढता. पण टेबलाला भोकं चालत नाहीत, म्हणून फोटोशॉप उरलेल्या जागेचे चार तुकडे स्वतःच पाडतं: वरचा, डावीकडचा, उजवीकडचा आणि खालचा. त्यांना ऑटो स्लाइस म्हणतात आणि ते निळ्याऐवजी राखाडी रंगात दिसतात, तुम्ही न बोलावता आले आहेत हे लक्षात यावं म्हणून. आकडे डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली पडत जातात, त्यामुळे तुमचं एकुलतं एक बटण जन्मतः तिसऱ्या नंबरचं ठरतं. फाइलचं नाव मूळ डॉक्युमेंटचं, पुढे अंडरस्कोअर, पुढे ०३. आता डेव्हलपरने तिसरा नंबर बटणाचा म्हणून पान जोडून ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी क्लायंट म्हणाला की वर एक लोगोही टाका. वर एक चौकोन ओढला की खालचे सगळे नंबर सरकले. तिसऱ्या नंबरवर आता बटण नाही, लोगोच्या शेजारची रिकामी जागा आहे. पानावर अशी बटणं अनेक असली, तर नवं फोल्डर जुन्या फोल्डरवर टाकलं की ‘संपर्क’ लिहिलेल्या जागी ‘आमच्याविषयी’ उगवतं आणि ‘आमच्याविषयी’च्या जागी नुसतं आभाळ. सुरीने एका पिक्सेलचीही चूक केलेली नाही. बटणाला बटण कुणी म्हटलंच नव्हतं, तेव्हा नंबर सरकला की त्याची ओळखही सरकली.

तुकडा म्हणजे काय हे न सांगण्याची सर्वांत मोठी किंमत डिझायनरने मोजली नाही, ब्राउझर लिहिणाऱ्यांनी मोजली. ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. एचटीएमएलच्या दृष्टीने चित्र हे ओळीतलं एक मोठंसं अक्षर आहे. रोमन अक्षरं ज्या रेषेवर बसतात तिच्या खाली जी आणि वाय यांच्या शेपट्यांसाठी थोडी जागा सोडावी लागते. ब्राउझर जोवर ढिलाईने वागत होते तोवर टेबलाच्या खणातल्या चित्राखाली ही जागा कुणी सोडत नसे. मग ब्राउझर सुधारले, सीएसएसचे नियम कसोशीने पाळू लागले, आणि नियमानुसार प्रत्येक चित्राच्या तुकड्याखाली शेपटीची जागा सोडू लागले. चित्राला शेपूट नसतं, पण ते चित्र आहे, त्यातही एका मोठ्या चित्राचा कापलेला तुकडा आहे, हे ब्राउझरला कळणार कसं? रातोरात हजारो पानांना आडव्या फटी पडल्या. लोगो कमरेत तुटला, गोल कोपरे भिंतीपासून सुटले. शेवटी २००२ च्या सुमाराला मोझिला या ब्राउझरने काटेकोर आणि ढिला या दोन पद्धतींच्या मध्ये एक तिसरी पद्धत काढली, तिचं नाव ‘ऑलमोस्ट स्टँडर्ड्स’. काटेकोर पद्धतीपेक्षा तिच्यात फरक एकच: टेबलाच्या खणातली चित्रं कशी बसवायची. म्हणजे फोटोशॉपने पाडलेले तुकडे नीट जुळावेत म्हणून ब्राउझरला नियम पाळण्याची एक खास सवलतीची पद्धत काढावी लागली. ती आजही एचटीएमएलच्या अधिकृत नियमावलीत वेगळ्या नावाने नांदते आहे. एखाद्या हत्याराच्या वापरकर्त्यांना आवर घालता येत नाही म्हणून कायदाच वाकवणं आपल्याकडे नवीन नाही, पण अ‍ॅडोबी-मोझिलाच्या कॅलिफोर्नियातही असं होतं हे वाचून जरा बरं वाटतं.

बरं, एवढी कापाकापी कशासाठी, तर पान लवकर उतरावं म्हणून. ५६ के मोडेमच्या काळात एक मोठं चित्र वरून खाली सावकाश उलगडत बसण्यापेक्षा लहान लहान तुकडे पटापट दिसलेले बरे, असा हिशेब. प्रत्यक्षात १९९९ च्या एचटीटीपीच्या मसुद्याने ब्राउझरला सांगितलं होतं की एका सर्व्हरशी दोनपेक्षा अधिक जोडण्या ठेवू नयेत. साठ तुकडे असतील तर ते दोघा-दोघांच्या रांगेने आत येणार, आणि प्रत्येक जण दारात आपलं नाव-गाव सांगणार. २००४ मध्ये डेव्ह शे या वेब डिझायनरने सीएसएस स्प्राइटची पद्धत मांडली आणि स्लाइसचं मरण ओढवलं आहे असं लेखाच्या मथळ्यातच सांगून टाकलं. त्याची पद्धत अशी, की कापलेले सगळे आयकॉन पुन्हा एकाच मोठ्या चित्रावर चिकटवायचे आणि हवा तेवढाच भाग खिडकीतून दाखवायचा. आधी कापा, मग जोडा. पुढे २०१५ मध्ये एचटीटीपी-२ आलं, एकाच जोडणीवरून खंडीभर फायली एकदम येऊ लागल्या, आणि तज्ज्ञ म्हणू लागले की आता पुन्हा सुटे करा. या येरझारीत कुणाचंही नुकसान झालं नाही असं म्हणता येईल, पण स्प्राइटच्या काळात आयकॉनचं नावही गेलं. कार्टचा आयकॉन म्हणजे ‘डावीकडून उणे १२०, वरून उणे ४८’. मधे एक आयकॉन वाढला की सगळ्यांचे पत्ते बदलले. आकड्यांची जागा अक्षांश-रेखांशांनी घेतली, एवढाच काय तो विकास.

अ‍ॅडोबीला हे कळत नव्हतं असं नाही. फोटोशॉपमध्ये ‘न्यू लेयर बेस्ड स्लाइस’ नावाची आज्ञा आहे. तिच्यात चौकोन हाताने ओढायचा नसतो, लेयरवर जेवढं काही आहे तेवढं ती आपण होऊन कवेत घेते. लेयर हलला की स्लाइस हलते, लेयर वाढला की वाढते. ऐकायला हे फार छान वाटतं. पण लेयरला सावली दिलेली असेल तर सावलीही लेयरचीच, म्हणून चौकोन सावलीसकट. एकत्र कुटुंबाच्या जमिनीची वाटणी करताना आंब्याचं झाड कुणाच्या हिश्श्यात हे बुंध्यावरून ठरतं, पण सावली शेजाऱ्याच्या तुकड्यात पडते आणि दर वर्षी भांडण त्या सावलीवरून होतं, इथे तेच. बटण ४० पिक्सेल उंच असं डिझायनर सांगतो, डेव्हलपरच्या हाती ५२ पिक्सेलची फाइल येते, आणि ते वरचे १२ कोणाच्या सातबाऱ्यावर चढवायचे यावर दोन सुशिक्षित माणसं अर्धा दिवस घालवतात. लेयरला सगळं ठाऊक असतं: कुठे आहे, केवढा आहे, किती पारदर्शक आहे. बटण कुठे संपतं आणि सावली कुठे सुरू होते हे मात्र त्याला ठाऊक नसतं, कारण तो फरक पिक्सेलमध्ये नाहीच; तो पाहणाऱ्याच्या डोक्यात आहे. जाता जाता, याच कामाला गिंप या फुकटातल्या सॉफ्टवेअरने एके काळी ‘गिलोटिन’ असं नाव दिलं होतं. मार्गदर्शक रेषा घालायच्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सपासप कापायचं. पुढे ते नाव बदलून सौम्य केलं. माझ्या मते चूक केली. निदान फ्रेंचांच्या त्या यंत्राने कधी उरलेला भागही उपयोगाला येईल असा दावा केला नव्हता.

आता येऊ नावांकडे. लेयर्स टू फाइल्स ही आज्ञा प्रत्येक लेयरची स्वतंत्र फाइल काढते आणि लेयरचं नाव फाइलला देते. शिवाय विसर पडू नये म्हणून आधी चार आकडी अनुक्रमांकही चिकटवते. लेयर गटात असेल तर गटाचा क्रमांकही. त्यामुळे फोल्डरमध्ये ‘०००३एस_००१४_लेयर-१२-कॉपी-४’ अशा घाटाची नावं रांगेत उभी राहतात. कैद्यालासुद्धा यापेक्षा सुटसुटीत नंबर मिळतो. २०१३ मध्ये मात्र अ‍ॅडोबीने सुरी खाली ठेवली आणि मुद्द्याला हात घातला. जनरेटर नावाची सोय आली: लेयरच्या नावापुढे ‘.पीएनजी’ लिहा, बस्स. फाइल शेजारच्या अ‍ॅसेट्सच्या फोल्डरमध्ये आपोआप तयार होईल, आणि चित्र बदललं की आपोआप बदलेल. नावाआधी ‘२००%’ लिहिलं तर दुप्पट आकाराची, स्वल्पविराम देऊन पुढे आणखी लिहिलं तर आणखी एक. हत्यार बाजूला सारून फक्त नाव विचारणारी ही पहिली आज्ञा, आणि म्हणूनच माझ्या मुद्द्याची खरी परीक्षा इथे होते. अडचण हत्याराची असती तर ती २०१३ मध्ये संपायला हवी होती. झालं असं, की लोकांनी प्रश्न वाचला, आणि उत्तरादाखल ‘२००% लेयर १२ कॉपी ४.पीएनजी’ असं लिहिलं. आकार लिहिला, प्रकार लिहिला, टक्केवारी लिहिली. मधली जागा होती तशीच ठेवली. त्यातून आणखी एक गंमत उघडकीला आली. फोटोशॉपला एकाच नावाचे दोन लेयर चालतात. फोल्डरला एकाच नावाच्या दोन फायली चालत नाहीत. ज्यांच्याकडे नऊ लेयरचं नाव ‘बीजी’ होतं त्यांना हा भेद त्या वर्षी समजला.

महाराष्ट्रातल्या डीटीपीच्या आणि फ्लेक्सच्या दुकानांत या गोष्टीला एक वेगळंच वळण मिळालं. फोटोशॉप मजकुराच्या लेयरला त्यातल्या मजकुराचंच नाव देतं. ‘संपर्क’ लिहिलं तर लेयरचं नाव ‘संपर्क’. म्हणजे निदान या एका जातीच्या लेयरला तरी नाव आपोआप आणि अर्थपूर्ण मिळायला हवं. पण जुन्या आवृत्त्यांत युनिकोड मराठी लिहिलं की पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर जाऊन बसायची आणि जोडाक्षरांचे पाय मोडायचे. म्हणून दुकानांनी श्री-लिपीसारखे आपले जुने फॉन्ट सोडले नाहीत, आणि त्यांचंही चुकलं नाही. या फॉन्टांत कागदावर देवनागरी दिसते, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. लेयरच्या यादीला तो फॉन्ट माहीत नसतो. त्यामुळे कॅनव्हासवर ठसठशीत ‘हार्दिक शुभेच्छा’ झळकत असतं आणि यादीत त्याच लेयरचं नाव एक महिरपी कंस, दोन कॅपिटल अक्षरं, डॉलरचं चिन्ह आणि एक अंडरस्कोअर असं काहीतरी असतं. खाली शुभेच्छुकांची तीस नावं, तीसही याच लिपीत. अध्यक्षांचं नाव वर घ्या म्हटलं की ऑपरेटर यादीतला लेयर दाखवण्या-लपवण्याचा एकेक डोळा उघडझाप करत माणूस शोधतो. युनिकोड वापरून ही अडचण सुटली, तरी फाइल वेबवर चढवताना दुसरी उभीच असते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं, आणि पत्त्यात एकेक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांनी लिहिला जातो. ‘दिवाळी’ या सहा चिन्हांच्या शब्दाची पत्त्यात ५४ अक्षरं होतात. मग माणूस वैतागून रोमनमध्ये लिहितो, एक जण डब्ल्यूने, दुसरा व्हीने, आणि एकाच दिवाळीचे दोन आकाशकंदील एकाच सर्व्हरवर सुखाने नांदू लागतात.

मोबाइलने यात भर घातली ती निव्वळ संख्येची. २०१० मध्ये आयफोन ४ चा दाट पडदा आला आणि प्रत्येक चित्राची दुप्पट प्रत लागू लागली, २०१४ पासून तिप्पटही. अँड्रॉइडने पाच पायऱ्या ठेवल्या: २४ चा आयकॉन ३६, ४८, ७२ आणि ९६ असाही काढायचा. डिझायनरने लहरीत आयकॉन २५ चा केला असेल तर दीडपटीला साडेसदतीस पिक्सेल होतात, आणि अर्धा पिक्सेल जगात कुठेच मिळत नाही. पण अँड्रॉइडचं मला कौतुक वाटतं ते वेगळ्याच कारणासाठी. त्याच्या फाइलच्या नावात रोमन लहान अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर एवढंच चालतं. मोकळी जागा चालत नाही, कॅपिटल चालत नाही, आरंभी आकडा चालत नाही. ‘लेयर १२ कॉपी ४’ तिथे दारातच अडतो. इतक्या वर्षांत त्या नावाला कुणीतरी तोंडावर नकार दिला, तोही व्याकरणाच्या मुद्द्यावर.

माझ्या या म्हणण्यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हा सगळा आळस आहे, डिझायनरने लेयरला वेळच्या वेळी नाव दिलं की संपलं. शिस्तीचे पुरस्कर्ते हे फार जोरात सांगतात, आणि त्यांच्या स्वतःच्या फायली कुणी पाहिलेल्या नसतात. पण आक्षेप प्रामाणिक धरला तरी तो टिकत नाही. लेयर तयार होतो त्या क्षणी तो पुढे कोण होणार हे त्याच्या कर्त्यालाही माहीत नसतं. एक पट्टी काढली, आवडली नाही, प्रत केली, रंग बदलला, पुन्हा प्रत केली, अर्धी खोडली, आणि चौथ्या प्रतीवर क्लायंट म्हणाला, "हे बरं वाटतंय." त्या क्षणी ती पट्टी मेनू झाली. तिच्या नावात तिचं अख्खं चरित्र आहे: बाराव्या लेयरची चौथी प्रत. यात एक अक्षर खोटं नाही. ती कशी जन्माला आली हे नाव सांगतं. डेव्हलपरला मात्र ती काय करते हे हवं असतं, आणि या दोन गोष्टींमध्ये क्लायंटची मंजुरी नावाची एक अनिश्चित घटना उभी असते. आधी नाव द्यावं तर ते खोटं ठरण्याची भीती, नंतर द्यावं तर रात्रीचे अकरा वाजलेले. शिस्तीने दिलेल्या नावांचा शेवट ‘मेनू_जुना_वापरूनका_फायनल’ असा होतो तो याच कारणाने.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गोल कोपरा, सावली, रंगछटा, फॉन्ट हे सगळं आता कोडमध्येच होतं, मग कापायचं उरलं काय? हे बव्हंशी खरं आहे. इमेजरेडी २००७ मध्ये बंद झालं, फायरवर्क्सचं काम २०१३ मध्ये थांबलं, आणि ते ४३ बाइटचं अदृश्य जिफ खऱ्या अर्थाने अदृश्य झालं. तेव्हाचे निम्मे तुकडे मुळात चित्रं नव्हतेच, ब्राउझरच्या दुबळेपणावर लावलेली ठिगळं होती. ती गेली याचं दुःख करण्याचं कारण नाही. पण प्रश्न ठिगळांबरोबर गेला नाही. आता आयकॉन एसव्हीजीमध्ये निघतात, म्हणजे चित्राऐवजी लिहिलेला मजकूर. इलस्ट्रेटरमधून काढलेली एसव्हीजी फाइल कुठल्याही संपादकात उघडून पाहा. वरच्याच ओळींत बहुधा ‘लेयर_१’ अशी ओळख लिहिलेली सापडेल, आणि खाली रंगांना ‘सीएलएस-१’, ‘सीएलएस-२’ अशी नावं. बँकांच्या पानांवर, विमान कंपन्यांच्या पानांवर, सरकारी पानांवर हा ‘लेयर_१’ शांतपणे बसलेला आहे. एकाच पानावर असे पाच आयकॉन आले की पाचही जण स्वतःला ‘लेयर_१’ म्हणवतात, पाचांच्याही रंगाचं नाव ‘सीएलएस-१’ असतं आणि एकाचा रंग दुसऱ्याला लागतो. पूर्वी न दिलेलं नाव फोल्डरात राहायचं, आता ते थेट छापून येतं.

तिसरा आक्षेप सध्या फार ऐकू येतो: हे आता एआय करेल. तो मला माझ्याच बाजूचा पुरावा वाटतो. २०२४ मध्ये फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरने आपल्या एआयच्या सोयी जाहीर केल्या तेव्हा त्यांत लेयरना नावं देण्याची एक सोय होती. चित्रं काढणारी, निबंध लिहिणारी बुद्धी हाताशी आली आणि डिझायनरांनी तिला सर्वांत आधी ज्या कामांना जुंपलं त्यांत हे होतं. यावरून ते काम किती नकोसं आहे याचा अंदाज यावा. ही सोय वाईट नाही. बटणाला ती बटण म्हणते, चित्राला चित्र. पण चौकोनात हिरवी बरोबरची खूण दिसते तेव्हा ती ‘हिरवी खूण’ आहे एवढंच पाहून सांगता येतं. ती ‘पैसे जमा झाले’ची आहे, ‘फॉर्म बरोबर भरला’ची आहे, की नुसतीच शोभेची, हे चित्रात कुठेही लिहिलेलं नसतं. ते ठरतं मीटिंगमध्ये, आणि पुष्कळदा मीटिंगमध्येही ठरत नाही. उत्तर कुणाकडेच नसताना ते शोधून काढण्याची अपेक्षा यंत्राकडून करणं जरा अन्यायाचं आहे. फार तर ते आत्मविश्वासाने काहीतरी ठोकून देईल, आणि ते आपल्याकडे माणसंही करतात.

आणि स्लाइस मेली असं ज्यांना वाटतं त्यांनी सणासुदीच्या दिवसांत आपली मेलपेटी उघडावी. विंडोजवरचा नेहमीचा आउटलुक २००७ पासून मेल दाखवायला वर्डचं इंजिन वापरत आला. त्याला सीएसएसमधलं फारच थोडं समजतं. त्यामुळे कंपन्यांचे शुभेच्छापत्र-कम-ऑफर मेल आजही १९९८ च्याच रीतीने बनतात: अख्खं चित्र फोटोशॉपमध्ये, त्याचे नऊ तुकडे, टेबलात जोडणी. कंदील, पणत्या, सवलतीचा आकडा, अटी लागूची बारीक ओळ, सगळं चित्रातच. आउटलुक अनोळखी पाठवणाऱ्याची चित्रं आपण होऊन उतरवत नाही. त्यामुळे ग्राहकाला पहिल्यांदा दिसतात ते नऊ रिकामे चौकोन, आणि प्रत्येकात तीच सूचना, की तुमच्या खासगीपणाच्या रक्षणासाठी हे चित्र अडवलं आहे, हवं तर इथे राइट क्लिक करा. त्या सूचनेशेजारी चित्राऐवजी वाचायचा मजकूर दिसण्याची सोय आहे. तो मजकूर लिहायची जागाही फोटोशॉपमध्ये आहे: स्लाइसवर दोनदा क्लिक केलं की एक छोटी चौकट उघडते, तीत नाव, दुवा वगैरे रकान्यांच्या खाली ‘ऑल्ट टॅग’ असा एक रकाना असतो. या तुकड्यात काय आहे ते एका ओळीत सांगा, एवढंच तो विचारतो. तो कोराच जातो. दुसऱ्या दिवशी क्लायंटचा फोन येतो, "अहो, मेलमध्ये ऑफर दिसतच नाहीये, जरा मोठी करा ना." ऑफर मोठी होते, रेघा पुन्हा मारल्या जातात, आणि या खेपेला अकरा तुकडे पडतात.